सात आमदारांचा विरोधी पक्षनेता
(वाशी येथे ज्येष्ठ नागरिकांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय तुम्हीच ठरवलात: नवं सरकार, निराश जनता आणि दुबळा विरोधी पक्ष. त्यातल्या 'नवं' या शब्दाबद्दल माझी कुरकुर आहे. ५ डिसेंबर २०२४ ला शपथविधी झाला तेव्हा मुख्यमंत्री होते ते उपमुख्यमंत्री झाले, उपमुख्यमंत्री होते ते मुख्यमंत्री झाले. खुर्च्या हलल्या, माणसं तीच राहिली. पण २८८ पैकी २३० च्या आसपास जागा पदरात टाकल्यावर लोकांनी काही मागितलं तर त्यात चूक काय? लाडक्या बहिणीला पंधराशेचे एकवीसशे करू, शेतकऱ्यांना कर्जमाफी देऊ, हे भर सभांमध्ये सांगितलं होतं. मार्च २०२५ चा अर्थसंकल्प आला, त्यात दोन्ही नव्हतं.

तरी लोक रस्त्यावर आले नाहीत, आणि त्यावरून लोक खूश आहेत असा निष्कर्ष काढणारे हुशार लोक टीव्हीवर रोज दिसतात. तुर्भ्याच्या एका सेवा केंद्रावर गेल्या पावसाळ्यानंतर मी जे पाहिलं ते सांगतो. लाडकी बहीणच्या ई-केवायसीसाठी रांग होती. नियम असा की बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही लागणार, त्यावर ओटीपी येणार. रांगेतल्या एका बाईंचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, वडीलही नाहीत. काउंटरवरचा पोरगा बिचारा एकच सांगत होता, "मावशी, सिस्टम पुढे जात नाही." बाई चिडल्या नाहीत. कागद पिशवीत घातले आणि विचारलं, "मग आता कोणाकडे जायचं?" रांगेतल्या एकीलाही उत्तर देता आलं नाही. पुढे मुदत वाढली, अशा बायकांसाठी अंगणवाडी सेविकेकडे कागदपत्रं देण्याची सोय झाली, हेही सांगायला हवं. पण त्या दिवशी तिथे एकाही पक्षाचा कार्यकर्ता टेबल टाकून बसलेला नव्हता. निवडणुकीच्या आधी ह्याच योजनेचे फॉर्म भरून द्यायला प्रत्येक नाक्यावर मंडप होते.

त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर असणं हे विरोधी पक्षाचं काम. नाराजी घेऊन जायला एक दार लागतं. ते नसेल तर माणूस नाराज राहतो आणि तरीही हप्ता आला की गप्प बसतो, कारण मिळालेले पंधराशे हातात असतात आणि न मिळालेल्या सहाशेंसाठी भांडणारं कोणी नसतं.

यावर आघाडीचे लोक म्हणतात, आम्हाला संख्याच नाही. खरं आहे. उद्धव ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. सहाच महिने आधी लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा याच तिघांनी जिंकल्या होत्या. तेवढ्यात काय बिघडलं, यावर त्यांनी आपसांत कधी नीट बसून बोलल्याचं मला तरी दिसलं नाही. मतदार याद्यांचे आक्षेप त्यांनी जरूर लढवावेत, पण याद्यांनी सगळं झाकता येत नाही. आता मुद्दा विरोधी पक्षनेतेपदाचा. एकदशांश जागा हव्यात, म्हणजे २९, असा संकेत पुढे केला गेला. तो पहिले लोकसभाध्यक्ष मावळंकर यांच्या काळापासूनचा लोकसभेतला संकेत. २०१४ आणि २०१९ मध्ये लोकसभेतही त्यावरच हे पद रिकामं राहिलं. आणि डिसेंबर २०२५ च्या नागपूर अधिवेशनात आपल्या दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नव्हता. सरकारने मोठं मन दाखवायला हवं होतं, हे माझं स्पष्ट मत आहे.

पण याच सभागृहाचा इतिहास बघा. १९७२ साली काँग्रेसला २७० पैकी २२२ जागा होत्या. आजच्यापेक्षाही मोठं बहुमत. विरोधी पक्षनेते होते आपले दि. बा. पाटील, आणि त्यांच्या शेतकरी कामगार पक्षाचे आमदार होते सात. सात! एकदशांश कोणी मोजायला गेलं नाही.

तुमच्यापैकी अनेकांना दि. बा. आठवतात ते जासईमुळे. जानेवारी १९८४, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या भूसंपादनाविरुद्धचं आंदोलन, गोळीबार, पाच हुतात्मे, आणि मग घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन. नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचं नाव द्या म्हणून जून २०२१ मध्ये सिडको भवनावर केवढा जमाव गेला होता! माणूस गेल्यावरही लोक असे येतात, कारण तो त्यांच्या सातबाऱ्यापर्यंत पोचलेला होता.

त्या बहात्तरच्या दुष्काळाकडेही बघा. सत्ताधारी प्रचंड, विरोधक मूठभर. पण मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांचे लाटणे मोर्चे रस्त्यावर होते, आणि रोजगार हमीचा विषय सभागृहात कोणी सोडत नव्हतं. ती कल्पना मांडणारे वि. स. पागे काँग्रेसचेच, विधान परिषदेचे सभापती. विरोधकांनी 'तुमची योजना' म्हणून तिला लाथ मारली नाही, उलट ती कायद्यात बसेपर्यंत पिच्छा पुरवला. शहरातल्या नोकरदारांवर त्यासाठी कर बसला, १९७५ चा व्यवसाय कर. तुमच्या पगारपत्रकावर तो वर्षानुवर्षं होता, आठवत असेल.

फार मागे कशाला जायचं? पहिलीपासून हिंदीचे सरकारी निर्णय २९ जून २०२५ ला मागे घ्यावे लागले. तेव्हा विरोधकांची संख्या वाढली होती का? ठाकरेंचे आमदार वीसचे वीसच होते. शिक्षक, पालक, भाषेची माणसं आधीच बोलत होती. दोन ठाकरे एकत्र मोर्चा काढणार म्हटल्यावर सरकारने हिशेब केला. पुढे मात्र वरळीच्या विजयी मेळाव्याची चर्चा शाळेपेक्षा भावांच्या मिठीवर जास्त झाली. आपल्याकडे हे नेहमीचंच.

आता आपल्या नवी मुंबईचं. इथला प्रकार अजून गमतीचा. २०१५ नंतर महापालिकेची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये. मे २०२० पासून प्रशासक. गटार तुंबलं तर ॲपवर तक्रार, दोन दिवसांनी 'निकाली' असा मेसेज, गटार जिथल्या तिथे. त्या काळात तिन्ही विरोधी पक्षांनी सेक्टरमागे एक माणूस नुसता फिरवला असता तरी चित्र वेगळं दिसलं असतं. शेवटी निवडणूक झाली ती भाजप विरुद्ध शिंदेंची शिवसेना. मुंबईला एका मंत्रिमंडळात, इथे एकमेकांच्या उरावर. भाजपला बहुमत, शिंदेसेना दुसरी. म्हणजे आपला विरोधी पक्षही सरकारातलाच! ठाण्यात हेच दोघे हातात हात घालून लढले, तिथे तर तेवढाही विरोध उरला नाही.

आता माझं एक काम कराल? आपल्या पॅनेलमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या उमेदवारांची नावं कोणाला आठवतात? हात वर करा... तीन. बाकीच्यांनी घरी जाऊन प्रचाराची पत्रकं शोधा, नंबर त्यावर आहे. फोन करा आणि विचारा, पुढच्या महासभेत आमच्या सेक्टरचा पाण्याचा प्रश्न निघणार आहे, तुम्ही प्रेक्षक गॅलरीत येताय का? काय उत्तर मिळतं ते मला नक्की कळवा. चला, आता तुमचे प्रश्न.