पोटरीतली गुठळी

(दृश्य: पोलादी टेबल, वरचा दिवा)

हॅम्बुर्ग. विद्यापीठ रुग्णालयातला न्यायवैद्यक विभाग. २०२० च्या मार्चमध्ये जर्मनीच्या रॉबर्ट कॉख संस्थेने (साथरोगांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) सांगितलं होतं, कोविडने गेलेल्यांचं शवविच्छेदन शक्यतो टाळा. कापताना विषाणू हवेत उडेल. विभागप्रमुख क्लाउस प्युशेल यांना हे पटलं नाही. माणूस नेमका कशाने गेला हे बघायचंच नाही, मग पुढच्याला औषध कशावरून द्यायचं? हॅम्बुर्गमध्ये शवविच्छेदनं सुरूच राहिली.

(दृश्य: हातमोजे घातलेले हात, पायाजवळ)

छाती उघडून झाली. आता पोटरी. स्नायू आडवे कापत जायचे आणि प्रत्येक कापाला आतल्या खोल शिरा तपासायच्या. वेळखाऊ काम आहे, एरवी बरेचदा राहून जाणारं. मृत्यूनंतर रक्त गोठतंच. ती गाठ मऊ, ओलसर, जेलीसारखी, चिमट्याने अलगद निघते. जिवंतपणी झालेली गुठळी कोरडी, ठिसूळ, शिरेच्या भिंतीला घट्ट धरून बसलेली. चिमट्यात आहे ती ही दुसरी.

पहिल्या १२ मृतांपैकी ७ जणांच्या पायांत अशा गुठळ्या निघाल्या. ते हयात असताना कुणालाच शंका आली नव्हती. चौघांच्या बाबतीत गुठळी सुटून हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून फुफ्फुसाच्या धमनीत जाऊन अडकली होती. मृत्यूचं थेट कारण तेच.

(दृश्य: मायक्रोस्कोप, फुफ्फुसाचा पातळ काप)

आजार श्वासाचा, मग रक्त का गोठतं? दाहामुळे रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर जखमी होतं. तिथे प्लेटलेट चिकटतात, फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे धागे जमतात. त्यात रुग्ण दिवसेंदिवस हालचालीविना पडून. दुसऱ्या एका अभ्यासात कोविडने गेलेल्या ७ जणांची फुफ्फुसं स्वाईन फ्लूने गेलेल्या ७ जणांच्या फुफ्फुसांशेजारी ठेवून पाहिली. हवेच्या पिशव्यांभोवतीच्या केशवाहिन्यांत बारीक गुठळ्या कोविडमध्ये नऊपट होत्या.

हे सगळं मृतांनी सांगितलं. (रुग्णालयांतली शवविच्छेदनं कमी होत चालली आहेत, ही तक्रार कोविडच्याही आधीची.) रॉबर्ट कॉख संस्थेनेही पुढे सल्ला बदलला.

(दृश्य: वॉर्ड, पोटावर दिलं जाणारं इंजेक्शन)

दाखल रुग्णांना हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, देणं नेहमीचं झालं. डी-डायमर (शरीरात गुठळ्या होत असल्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) हा शब्द आपल्याकडेही घराघरांत पोचला. २०२१ च्या मोठ्या चाचण्यांत हेपारिनच्या पूर्ण मात्रेचा फायदा वॉर्डातल्या रुग्णांना झाला, आयसीयूतल्या अत्यवस्थ रुग्णांना नाही.