सोडियम टंगस्टेट: सोनेरी बाटलीतलं मीठ

(नागपुरात रसायनशास्त्राच्या विद्यार्थी-शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, पत्रिकेवर ‘सोडियम टंगस्टेटचे जैविक परिणाम’ असं छापलं आहे. तिकडे येतोच. पण समोर एम.एस्सी.ची बरीच मुलं दिसतात, म्हणून आधी विचारतो, फोलिन-सिओकाल्टू, म्हणजे आपलं एफ.सी. रिएजंट, फिनॉल गटाची संयुगं मोजायचं, त्यांच्यामुळे निळं होणारं द्रावण, कुणी कुणी वापरलं आहे? वा, बरेच हात वर आले. त्यात सोडियम टंगस्टेटमधून आलेलं टंगस्टन, हा धातू, असतं हे कुणाकुणाला माहीत होतं? बघा, किती हात उरले! माझं दुखणं हेच आहे, राजेहो.

आमचे सर हे रिएजंट आमच्याकडून करून घेत. 100 ग्रॅम सोडियम टंगस्टेट, 25 ग्रॅम सोडियम मॉलिब्डेट, 700 मिली पाणी, वर फॉस्फोरिक आणि हायड्रोक्लोरिक आम्ल. मग 10 तास रिफ्लक्स, म्हणजे वाफ कंडेन्सरमध्ये थंड करून परत भांड्यात सोडत उकळणं. नागपूरचा मे महिना, नळालाच कोमट पाणी, त्यामुळे कंडेन्सरपाशी पाळीपाळीने बसावं लागे. शेवटी लिथियम सल्फेट, ब्रोमीनचे थेंब, आणि हुडखाली उकळून ब्रोमीन घालवायचं. द्रावण सोनेरी हवं. हिरवट झाक दिसली की सर म्हणत, "हे मला दाखवू नका." कारण हिरवट म्हणजे पिवळ्यात निळं मिसळलेलं, म्हणजे थोड्या टंगस्टन-मॉलिब्डेनमचं आधीच क्षपण झालेलं, त्यांनी इलेक्ट्रॉन घेतलेले. त्या एका झाकेतून जे रसायन कळायचं, ते तयार बाटलीचं बूच उघडून कळत नाही.

मूळ मीठ, म्हणजे सोडियम टंगस्टेट, पांढरं, पाण्यात सहज विरघळणारं. आम्ल घातलं की टंगस्टेटचे आयन एकमेकांना जोडून मोठे समूह करतात, फॉस्फेट असेल तर त्यालाही मध्ये घेतात. हे समूह इलेक्ट्रॉन घेऊन निळे होतात. 1919 साली फोलिन आणि वू यांनी याच मिठाने, आम्लाच्या जोडीने, रक्तातली प्रथिनं साक्याच्या रूपात खाली बसवली आणि वरच्या निवळीत साखर मोजली. पॅथॉलॉजीतल्या जुन्या मंडळींना ते आठवत असेल.

आता संत्र्याचं सांगतो, कारण ते मला फार लागलं आहे. एका रस-उत्पादकाने मला अहवाल दाखवला. नाव घेत नाही. एफ.सी.ने आलेला सगळा आकडा ‘फिनॉल’ म्हणून लिहिलेला, आणि तोच जाहिरातीत जाणार. अहो, व्हिटॅमिन सीसुद्धा हे रिएजंट निळं करतं! संत्र्याच्या रसात तेच भरपूर. ते वेगळं मोजून वजा केल्याशिवाय तो आकडा फिनॉलचा म्हणताच येत नाही. मी हे समजावलं, तर उत्तर मिळालं, "सगळे असंच करतात." संत्र्याच्या गावात तरी असं होऊ नये.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, 5 मिनिटं उरली. तर जैविक परिणाम.

टंगस्टेट आणि मॉलिब्डेट आकाराने जवळजवळ सारखे, हे सगळ्याचं मूळ. शरीरात झँथीन ऑक्सिडेज, सल्फाइट ऑक्सिडेज ही मॉलिब्डेनमची एन्झाइम्स. उंदरांना टंगस्टेट खाऊ घातलं की मॉलिब्डेनमची जागा टंगस्टन घेतं आणि ही एन्झाइम्स लुळी पडतात. वनस्पतीत नायट्रेट रिडक्टेजचं तेच होतं. उलट, 100 अंशांच्या आसपास वाढणाऱ्या पायरोकॉकस फ्युरिओसस या सूक्ष्मजीवाला टंगस्टनच लागतं!

मधुमेही केलेल्या उंदरांना पाण्यातून टंगस्टेट दिलं तेव्हा रक्तातली साखर उतरली. बार्सिलोनात यावर बरंच काम झालं. पण लठ्ठ माणसांवरच्या छोट्या चाचणीत वजन घटलं नाही. कुणी साखरेवर घरी प्रयोग करू नये. फ्रान्समध्ये तोफखान्यातल्या एका नव्या जवानाने तापलेल्या तोफेच्या नळीतून खळबळून काढलेली दारू प्यायली. तिच्यात टंगस्टन उतरलं होतं. त्याला झटके आले, शुद्ध गेली, मूत्रपिंडं बिघडली. तो वाचला. एरवी पोटात गेलेलं बरंचसं टंगस्टन लघवीवाटे लवकर निघून जातं, थोडं हाडांत राहतं.

आणि हे आपल्या दाराशी आहे. नागपूर जिल्ह्यातल्या कुही, खोबणा, आगरगाव या पट्ट्यात टंगस्टनचं खनिज आहे. अल्कधर्मी पाण्यात टंगस्टन टंगस्टेट होऊन विरघळतं. म्हणून इथल्या एखाद्या विद्यार्थ्याने तिकडच्या विहिरींचं पाणी घ्यावं, सामू पाहावा, टंगस्टन आणि मॉलिब्डेनम दोन्ही मोजावं, उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा. मार्गदर्शन मी करीन.