क्रूसाची आडवी दांडी

हे सोन्याचं नाणं जरा निरखून पाहा. पायऱ्या आहेत, पायऱ्यांवर उभा खांब आहे. मूळ बायझंटाईन (म्हणजे ख्रिस्ती पूर्व रोमन साम्राज्याच्या) नाण्यावर इथे क्रूस होता. अरबांच्या टांकसाळीने त्याची आडवी दांडी तेवढी काढून टाकली. पुढच्या बाजूला सम्राट उभे आहेत ते तसेच!

सातव्या शतकात अरबांनी सीरिया, इजिप्त, इराण घेतलं. बाजारातली नाणी मात्र हरलेल्यांच्याच वळणाची राहिली. इराणी चांदीच्या नाण्यांवर सासानी (अरबांनी हरवलेल्या इराणी घराण्यातल्या) बादशहाचा चेहरा, मागे अग्निवेदी, कडेला बारीक अक्षरांत ‘बिस्मिल्लाह’. दमास्कसच्या दफ्तरातले हिशेबही ग्रीकमध्येच. वसुली सुरळीत होती, मग बदलायचं कशाला?

६८५ मध्ये उमय्या घराण्याचा अब्द अल-मलिक खलिफा झाला, तेव्हा मक्केत दुसरा खलिफा होताच: अब्दुल्लाह इब्न अल-झुबैर. काबा त्याच्या ताब्यात, म्हणजे हजला जाणारा प्रत्येक जण त्याच्या दारात. पुढे तो बंडखोर ठरला. पण त्या वर्षी बंडखोर नेमका कोण, हे सांगणं कठीण होतं.

आणि गंमत बघा. ‘मुहम्मद रसूल अल्लाह’ ही अक्षरं असलेलं, आज माहीत असलेलं सगळ्यात जुनं नाणं याच इब्न अल-झुबैरच्या पक्षाचं आहे. इराणमधल्या बिशापूरचं, हिजरी ६६ चं, म्हणजे इ.स. ६८५-८६ चं. प्रेषितांचं नाव पुढे करून राज्यावर हक्क सांगायचा, ही चाल आधी त्यांची.

६९२ मध्ये अब्द अल-मलिकचा सेनापती हज्जाज याने मक्केला वेढा घातला, इब्न अल-झुबैर मारला गेला. चाल मात्र जिंकणाऱ्याने उचलली.

त्याच सुमारास जेरुसलेममध्ये कुब्बत अस-सख्रा, म्हणजे खडकावरचा घुमट, उभा राहिला. आत सुमारे २४० मीटर लांबीचा मोझेकमधला लेख आहे. इसा, म्हणजे येशू, हा मर्यमचा मुलगा, अल्लाहचा प्रेषित. देव ‘तीन’ म्हणू नका. ख्रिस्ती वस्तीच्या शहरात हे कोणाला ऐकवायचं होतं, वेगळं सांगायला नको.

मग नाण्यावर तलवार घेतलेला खलिफा आला. तोही तीन-चार वर्षंच टिकला. हिजरी ७७ च्या (इ.स. ६९६-९७) दीनारवर, म्हणजे सोन्याच्या नाण्यावर, चित्रच नाही. क्रूसाचा खांब नाही, राजा नाही, खलिफाचं नावसुद्धा नाही. दोन्ही बाजूंना फक्त अरबी अक्षरं.

घुमटातल्या लेखात मात्र अब्द अल-मलिकने आपलं नाव घातलं होतं. नवव्या शतकात अब्बासी खलिफा अल-मामूनने ते काढून तिथे स्वतःचं बसवलं.

शेजारचं हिजरी ७२ (इ.स. ६९१-९२) हे साल बदलायचं राहून गेलं.