ओ-लानचे दोन मोती

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'परक्या लेखणीतला चीन'. मार्को पोलोपासून आजच्या वार्ताहरांपर्यंत सगळे त्यात बसतात, पण मी एकाच बाईबद्दल बोलणार आहे. पर्ल बक. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी या अमेरिकन लेखिकेची, चिनी शेतकऱ्यावरची 'द गुड अर्थ' ही कादंबरी वाचली असणार, कुणी मराठीतून, कुणी इंग्रजीतून, त्यामुळे कथानक सांगण्यात मी वेळ घालवत नाही. मला एका प्रश्नाशी यायचंय. बाहेरच्या माणसानं एखाद्या देशाबद्दल लिहिलं, तर त्याला परकं कधी म्हणायचं?

आपल्याकडे चीन म्हटलं की पिढीप्रमाणे चित्र बदलतं. माझ्या आईच्या पिढीला सोलापूरचे डॉक्टर कोटणीस आठवायचे, माझ्या पिढीला १९६२, आणि माझ्या नातवंडांना हातातला मोबाइल. कोटणीस १९३८च्या सप्टेंबरात मुंबईहून बोटीनं चीनला निघाले. त्याच वर्षाच्या शेवटी पर्लबाईंना स्टॉकहोममध्ये नोबेल मिळालं. एक माणूस चीनकडे निघाला होता आणि एक बाई चार वर्षांपूर्वी चीन कायमचा सोडून अमेरिकेत गेली होती. ही दोन नावं माझ्या मनात नेहमी शेजारी-शेजारी उभी राहतात.

आधी माझं एक जुनं दुखणं सांगते. एम.ए.ला असताना मला पर्ल बकवर निबंध लिहायचा होता. आमच्या एका प्राध्यापकांनी विषय बघितला, कागद परत केला आणि म्हणाले, "ही बायकांनी दुपारी वाचायची लेखिका. दुसरं काहीतरी घ्या." नाव घेत नाही, आता ते हयातही नाहीत. आणि असं म्हणणारे ते एकटे नव्हते. खुद्द विल्यम फॉकनर या बड्या अमेरिकन कादंबरीकारानं एका पत्रात बाईंच्या नोबेलचा उल्लेख हेटाळणीनं केलाय. पण मला तेव्हा फॉकनर कुठला माहीत असायला! मी घरी येऊन रडले. आणि मग हट्टानं ठरवलं, दुपारी तर दुपारी.

बार्शीच्या आमच्या घरात दुपारी आई पडवीत शेंगा फोडत बसायची. तिची शाळा चौथीत सुटलेली. मी शेजारी बसून इंग्रजी वाक्य डोळ्यांनी वाचायची आणि तोंडानं मराठीत सांगत जायची. इंग्रजी कादंबरी अशी सांगायला गेलं की जीभ अडखळते, वाक्य उलटंपालटं करावं लागतं, हे मला ठाऊक होतं. डिकन्स सांगताना माझी दमछाक झाली होती. इथं मात्र जीभ कुठंच अडली नाही. लग्नाच्या दिवशी सकाळी कादंबरीतला शेतकरी वांग लुंग उठतो, म्हाताऱ्या बापासाठी पाणी गरम करतो, त्यात चहाची चार पानं टाकतो. म्हातारा कुरकुरतो की चहा पिणं म्हणजे चांदी खाणं. आई हसून म्हणाली, "अगदी आपले आजोबा." तिनं विचारलंसुद्धा नाही की हे पुस्तक कुठल्या भाषेतलं आहे. तिला ते भाषांतर वाटतच नव्हतं.

याचं कारण मला पुष्कळ वर्षांनी कळलं. पर्लबाईंनीच सांगून ठेवलंय की चिनी माणसांची गोष्ट लिहिताना ती त्यांच्या मनात चिनीतच आकार घ्यायची आणि लिहिता-लिहिता त्या तिचं इंग्रजी करत जायच्या. म्हणजे पडवीत बसून मी जे करत होते, तेच त्यांनी नानजिंगच्या घराच्या पोटमाळ्यावर बसून केलं होतं. त्या इंग्रजी वाक्यांच्या तळाशी इंग्रजी नव्हतंच.

आणि आता ते मोती. हा प्रसंग सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही, माफ करा, थोडा वेळ लागेल.

दुष्काळात वांग लुंगचं कुटुंब दक्षिणेकडच्या शहरात जगायला गेलेलं असतं. तिथं एका श्रीमंताचा वाडा लुटला जातो. त्याची बायको ओ-लान स्वतः वाड्यात दासी म्हणून वाढलेली, त्यामुळं असे लोक जवाहीर कुठं दडवतात ते तिला माहीत. भिंतीतली एक सैल वीट ती ओळखते आणि मागची पुरचुंडी छातीशी लपवून आणते. त्या रत्नांवर पुढं सगळी जमीन येते, सगळं वैभव येतं. आणि ही बाई, जी सबंध कादंबरीत मोजून-मापून बोलते, ती नवऱ्याला म्हणते की मला त्यातले दोन ठेवता आले असते तर. दोनच, बारीकसे, पांढरे मोती. घालणार नाही, नुसते ठेवीन, कधीतरी हातात घेऊन बघीन. तो देतो. ती ते कापडात बांधून दोन स्तनांच्या मध्ये ठेवते.

वर्षं जातात. वांग लुंग पैसेवाला होतो, चहाच्या दुकानातल्या एका नाजूक बाईच्या नादी लागतो. एक दिवस ओ-लान पाण्यावर धुणं धूत असताना तो येतो आणि मोती मागतो. ती म्हणते, त्याची कर्णफुलं करावीत असं मनात होतं. मग तो हसेल या भीतीनं लगेच सावरते, धाकटीच्या लग्नात होतील. तो म्हणतो, त्या काळ्या पोरीला मोती कशाला? मोती गोऱ्या बायकांसाठी असतात. आण इकडं. ती ओला, सुरकुतलेला हात चोळीत घालते, पुरचुंडी काढून देते. तो मोती बघून हसतो. ती पुन्हा कपडे धोपटायला लागते. डोळ्यांतून पाणी संथपणे गळतं, ते ती पुसत नाही. दगडावर पसरलेल्या कपड्यांवर धोपाटणं तेवढं अधिकच एका लयीत पडत राहतं.

मी थांबले. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "दोनच मागितले होते तिनं." आणि उठून आत गेली. आमच्या विहिरीसाठी आईच्या पाटल्या मोडल्या होत्या, हे मला माहीत होतं. त्याबद्दल ती जन्मात कधी बोलली नव्हती, त्या दिवशीही बोलली नाही.

त्या प्राध्यापकांना मला आजही सांगावंसं वाटतं की हो सर, बायकांनी दुपारी वाचायचीच लेखिका ही.

या बाईला हे दिसलं कसं? जन्म अमेरिकेत, वेस्ट व्हर्जिनियात, २६ जून १८९२. आईवडील प्रेस्बिटेरियन मिशनरी. काही महिन्यांची असताना पर्लला चीनला नेलं, आणि यांगत्से नदीकाठचं झेनजियांग हे तिचं गाव झालं. सांभाळायला वांग आडनावाची, बांधलेल्या पावलांची म्हातारी दाई. तिच्या तोंडून भुतांच्या, राजांच्या, दरोडेखोरांच्या गोष्टी ऐकत पोर मोठी झाली. १९००मध्ये बॉक्सर म्हणवणाऱ्या चिनी बंडखोरांचा उठाव झाला, परदेशी माणसं मारली जाऊ लागली, आणि आठ वर्षांच्या पर्लला आईबरोबर शांघायला पळावं लागलं. ज्यांच्या अंगणात ती खेळली, त्यांच्या लेखी ती परदेशी होती, हे तिला त्या वर्षी कळलं.

पुढं लग्न झालं ते जॉन लॉसिंग बक या शेतीतज्ज्ञाशी, १९१७ साली. आन्ह्वे प्रांताच्या उत्तरेकडच्या कोरड्या, धुळीच्या मुलखात दोघं राहिली. सुरुवातीला त्या नवऱ्याबरोबर दुभाषी म्हणून खेड्यांत जायच्या. तो बांधावर पुरुषांना विचारणार की एकरी पीक किती, खत कुठलं, आणि या आत चुलीपाशी बायकांशी बोलत बसणार. लॉसिंग बकनी नंतर चीनमधल्या १६,७८६ शेतांची पाहणी केली. १९३७ साली छापलेलं ते काम अभ्यासक आजही वापरतात, आणि ते फार मोठं काम आहे. पण बाईंनी एकच शेत लिहिलं, आणि जगाला चिनी शेतकरी कळला तो त्या एका शेतातून.

त्यांच्या मुलीचंही सांगायला हवं. कॅरल १९२० साली जन्मली, तिच्या बुद्धीची वाढ झाली नाही. कादंबरीत वांग लुंगची थोरली लेक तशीच आहे, उन्हात बसून कापडाच्या चिंधीशी खेळणारी. बाप तिला 'माझी वेडी' म्हणतो, आणि सगळ्या घरात तिची काळजी वाहणारा तोच एक. न्यू जर्सीतल्या संस्थेत कॅरलला आयुष्यभर ठेवायचं तर पैसा हवा, म्हणूनही बाई लिहीत होत्या. १९३१ साली 'द गुड अर्थ' आली, १९३२मध्ये पुलित्झर हे अमेरिकेतलं मोठं पारितोषिक मिळालं. (मध्येच आठवलं म्हणून सांगते, देव आनंदच्या 'गाइड'ची जी इंग्रजी आवृत्ती निघाली, तिच्या पटकथेतही याच बाईंचा हात होता.)

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं राहिलीत. मग ज्यासाठी बोलावलंत ते आता भरभर सांगते.

बऱ्याच चिनी विद्वानांनी या पुस्तकाचं स्वागत केलं नाही. कियांग कांग-हू नावाच्या प्राध्यापकांनी १९३३ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं की शेतकरी-मजूर हे संख्येनं जास्त असतील, पण ते चिनी लोकांचे प्रतिनिधी नव्हेत. बाईंनी उलट विचारलं की देशातले बहुसंख्य लोक जर देशाचे प्रतिनिधी नाहीत, तर मग प्रतिनिधी कोण? माझ्या मते हा वाद तिथंच मिटला.

पण लू शुनचा आक्षेप इतक्या सहज बाजूला सारता येत नाही. आधुनिक चिनी साहित्याचा तो थोरला माणूस. त्याच वर्षी एका पत्रात त्यानं लिहिलं की चीनबद्दल चिनी माणसानंच लिहावं, तरच खरं काय ते कळेल. बकबाई चीनला मायभूमी मानत असल्या तरी त्यांची भूमिका शेवटी चीनमध्ये वाढलेल्या अमेरिकन मिशनरी बाईची, म्हणून त्यांना दिसतो तो वरवरचा चीन. यातलं निम्मं मला मान्य आहे. मिशनच्या घरात नोकरचाकर होते, गोऱ्या कातडीला गनबोटींचं संरक्षण होतं. वांग लुंगच्या जगात दुष्काळ येतो, टोळधाड येते, पण ते जग कोण उलथवणार आणि का, हे त्या कादंबरीत फारसं दिसत नाही. लू शुनला तेच हवं होतं.

मात्र याच लू शुनची १९२१मधली एक कथा आहे, गावी परतलेल्या माणसाची. लहानपणीचा शेतकरी मित्र रुन-तू भेटायला येतो. निवेदक आनंदानं पुढं होतो, आणि तो मित्र त्याला 'मालक' म्हणतो. निवेदकाला जाणवतं की आपल्या दोघांत एक जाड भिंत उभी राहिली आहे. ही भिंत चिनी माणसा-माणसांतली आहे. शाओशिंगच्या घरंदाज कुटुंबातला लू शुन स्वतः कबूल करतोय की मलाही पलीकडं जाता आलं नाही. मग आन्ह्वेतल्या चुलीपाशी बसलेली मिशनऱ्याची लेक आणि वाड्यातला मालक, दोघांत परकं कोण? माझं म्हणणं असं की पासपोर्ट बघून हे ठरत नाही. लहानपणी कुठल्या भाषेत रागावणी खाल्ली आणि मोठेपणी कुणाच्या चुलीपाशी बसलात, यावर ठरतं. पर्लबाईंनी नोबेलच्या व्याख्यानाचा विषयच घेतला 'चिनी कादंबरी'. गोष्ट कशी सांगायची हे मी अमेरिकन नव्हे, चिनी कादंबरीकडून शिकले, असं त्यांनी सांगितलं. बाजारात गोष्टी सांगणाऱ्या कथेकऱ्यांची ती परंपरा. 'शुइहू झुआन' हा १०८ बंडखोरांचा भला मोठा ग्रंथ त्यांनी आधीच, १९३३ साली, इंग्रजीत आणला होता.

आणखी दोन गोष्टी सांगून थांबते.

१९२७च्या मार्चमध्ये नानजिंगमध्ये सैनिक परदेशी लोकांची घरं लुटत होते, काही जणांना मारलंही. बाई मुलींना, म्हाताऱ्या वडिलांना घेऊन लपल्या ते एका गरीब चिनी बाईच्या झोपडीत. दिवसभर अंधारात. त्या बाईनं स्वतःचा जीव धोक्यात घालून त्यांना थारा दिला.

आणि १९७२. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन फेब्रुवारीत पेकिंगला जाऊन आले. बाई ऐंशीला टेकल्या होत्या, त्यांनी व्हिसा मागितला. आई झेनजियांगला पुरलेली, वडील लूशानच्या डोंगरावर. मे महिन्यात नकार आला. त्यात लिहिलं होतं की तुम्ही तुमच्या लेखनातून नव्या चीनच्या जनतेची आणि नेत्यांची दीर्घकाळ बदनामी केली आहे. पुढच्या मार्चमध्ये, ६ तारखेला, त्या गेल्या.

पेनसिल्व्हेनियात त्यांच्या शेतावर त्यांची कबर आहे. तिच्यावरचा दगड कसा असावा हे त्यांनीच ठरवून ठेवलं होतं. त्यावर तीन चिनी अक्षरं आहेत, साय झेन झू. साय हे वडिलांच्या आडनावावरून घेतलेलं. पुढची दोन अक्षरं मिळून होतो मोती. पर्ल बक असं इंग्रजीत त्यावर कुठंच लिहिलेलं नाही. ज्याला चिनी वाचता येत नाही, त्याला तो दगड बघून आत कोण आहे ते कळत नाही.