गोव्यात म्युझियम बघताय? मग वीरगळ खालून वर वाचा!

नमस्कार मंडळी! गोव्याचा मागचा व्हिडिओ टाकल्यापासून कमेंटमध्ये एकच धोशा चाललाय. "दादा, पावसाळ्यात समुद्रात उतरू देत नाहीत, मग दिवसभर करायचं काय?" मी एका ताईंना उत्तर दिलं, जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व संग्रहालय बघा. तर खाली लगेच एक महाशय हजर: "गोव्याला जाऊन म्युझियम? त्यापेक्षा घरी झोपा." झोपा की! सुट्टी तुमची, गादी तुमची.

बाकीच्यांसाठी आधी जुजबी माहिती पटापट. पणजीपासून साधारण 10 किलोमीटर, कदंब स्टँडवरून बस मिळते. से कॅथेड्रलच्या शेजारी सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं चर्च आहे, त्याच्या कॉन्व्हेंटमध्येच, म्हणजे जुन्या मठातच, हे म्युझियम आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं. शुक्रवारी बंद असतं. हो, शुक्रवारी, सोमवारी नव्हे. आणि मॅपवर 'गोवा वेल्हा' टाकू नका, ते मडगावच्या वाटेवरचं वेगळंच गाव आहे. झालं. आता मुद्द्यावर येतो.

आत शिरलात की आफोन्सो द अल्बुकर्कचा भलामोठा ब्राँझचा पुतळा दिसतो. 1510 मध्ये गोवा जिंकणारा तोच हा. लोक त्याच्यासोबत सेल्फी काढतात, वर जाऊन पोर्तुगीज व्हाइसरॉयांच्या तसबिरी बघतात आणि बाहेर पडतात. तसबिरी बघाच, ही मालिका 1547 च्या सुमारास व्हाइसरॉय जुआंव द कास्त्रोने सुरू करवली. दाढ्या आणि चिलखतं बघत बघत शतकं सरकतात. पण खाली जे काळे-करडे दगड उभे आहेत ना, त्यांच्यासमोर कुणी दोन मिनिटं थांबत नाही. माझं डोकं फिरतं ते इथे!

ते वीरगळ आहेत हो. लढाईत पडलेल्या माणसाची स्मारकं. ज्या कदंब राजघराण्याचं नाव गोव्याच्या बसवर दिसतं, त्यांच्या काळातलेही दगड यात आहेत. आणि वीरगळ वाचायचा असतो खालून वर. खालून. वर.

गेल्या खेपेला माझ्या शेजारी एक बाबा आपल्या मुलीला समजावत होते. "हे बघ, वर राजा देवाची पूजा करतोय, मग त्याला मिरवत नेतात, मग तो युद्धाला जातो." पोरगी म्हणाली, "पण खाली तर तो आडवा पडलाय!" बाबा गप्प. पोरीने बरोबर पकडलं होतं. सगळ्यात खाली लढाई असते, तलवारी, ढाली, कधी घोडा, आणि पडलेला वीर. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. त्याच्याही वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला असतो. माथ्यावर सूर्य-चंद्र, म्हणजे हे दोघं आहेत तोवर याची कीर्ती राहणार. वरून वाचलंत तर माणूस पूजा करून मरायला जातो. खालून वाचलंत तर तो मरून देवापर्यंत पोचतो. गोष्टच उलटी होते!

आता फोटोचं. तुम्ही मला वीरगळांचे फोटो पाठवता, छान वाटतं. पण दहातल्या आठ फोटोंत वरचा सूर्य-चंद्र झकास येतो आणि खालची चौकट कापलेली असते. मग विचारता, "दादा, हा कसा मेला असेल?" अहो, तेच तर कापलंत! गुडघे टेका, खालून फोटो घ्या.

आणि गावाकडे तर याहून मजा. तुमच्या गावात मारुतीच्या देवळाबाहेर शेंदूर फासलेला, तेल पाजलेला एखादा दगड असतो बघा. परवाच एकाने असाच फोटो टाकून विचारलं, "हा कुठला देव?" देव नाही, वीरगळच आहे, पण खालचा भाग जमिनीत गाडला गेलाय. तिथे कदाचित गाई कोरलेल्या असतील, कारण गोधन वाचवताना मेलेल्यांचेही पुष्कळ वीरगळ आपल्याकडे आहेत. उकरायला जाऊ नका हां, नुसतं लक्षात ठेवा.

समुद्रकाठच्या वीरगळांत एक गंमत आणखी बघा. खालच्या चौकटीत कधीकधी जहाजं दिसतात. मुंबईकरांना त्यासाठी गोव्यापर्यंत जायलाही नको. बोरिवलीत एकसरला वीरगळ आहेत, त्यांवर चक्क आरमारी लढाई कोरलेली आहे, वल्ह्यांच्या रांगांसकट. तेराव्या शतकातल्या यादव आणि शिलाहार राजांच्या लढाईशी ती जोडली जाते. बोरिवलीत राहणारे किती जण जाऊन आलात? कमेंटमध्ये खरं सांगा.

म्युझियममध्ये सतीशिळाही आहेत. ओळखायची खूण सोपी: कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात, पंजा वर. आशीर्वादाचा हात समजून लोक त्याला नमस्कार करतात. करा, पण आधी त्या हातातल्या बांगड्या नीट बघा. नवऱ्यामागे चितेवर गेलेल्या बाईचा हात आहे तो.

आणि झोपा म्हणणारे महाशय, तुमच्या गावच्या दगडाचा फोटो पाठवा. खालच्या चौकटीसकट!