मुखपृष्ठ हरवलेला अंक

श्रोतेहो, नमस्कार.

कॉलेजाची पन्नाशी किंवा पंच्याहत्तरी जवळ आली की माजी विद्यार्थी संघाला कॉलेजच्या वार्षिक अंकाचा इतिहास लिहायची आठवण होते. ज्येष्ठांना फोन जातात, आठवणी जमतात. आठवणी गोड असतात, पण सालाच्या बाबतीत हमखास दगा देतात. साल काढायचं तर अंकच हातात घ्यावे लागतात. आणि कपाटातून निघतात ते बरेचसे मुखपृष्ठ गेलेले, दोरीनं बांधलेले.

अशा अंकाचं वय काढणं बेळगाव भागात तरी फार अवघड नाही. इथं पाट्या इतक्या वेळा बदलल्या आहेत, की प्रत्येक बदलाची खूण कुठंतरी छापून राहिली आहे. आधी विद्यापीठाचं नाव शोधा. इथली जुनी कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. 1949 साली कर्नाटक विद्यापीठ स्थापन झालं आणि ती धारवाडकडे गेली. 2010 साली बेळगावातच राणी चन्नम्मा विद्यापीठ आलं. बेळगावचं लिंगराज कॉलेज 1933 चं, म्हणजे त्यानं ही तिन्ही नावं पाहिली.

मग पत्ता वाचा. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्याच राज्याचं नाव 1 नोव्हेंबर 1973 ला कर्नाटक झालं. सहा आकडी पिन कोड 15 ऑगस्ट 1972 पासूनचा. पिन कोड आहे आणि राज्य मात्र म्हैसूर, असं असेल तर अंक बहुधा त्या मधल्या सव्वा वर्षातला. किंमत किंवा जाहिरातीतले दर आण्यांत असतील तर अंक साधारण एप्रिल 1957 च्या आधीचा. ‘नवे पैसे’ दिसले तर 1957 ते 1964 च्या दरम्यानचा.

इथंच घाई नडते. जाहिरातीचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, एकदा करून घेतला की दुकानदार तोच वर्षानुवर्षं पाठवायचा, जुन्या पत्त्यासकट. म्हणून नियम असा की अंकात सापडलेली सर्वांत उशिराची खूण धरायची. पिन कोड नाही, म्हणून अंक 1972 च्या आधीचा, हे चालत नाही. ‘कांहीं’, ‘नाहीं’ अशा अनुस्वारांवरही विसंबू नका. शुद्धलेखनाचे नवे नियम 1962 साली महाराष्ट्रात आले. सीमेपलीकडच्या एखाद्या हट्टी संपादकानं ते पुढंही मानले नसतील. त्याला कोण विचारणार?

पानं पुरी आहेत का, हे कागदच सांगतो. डबल क्राउन कागद 20 बाय 30 इंचाचा. त्याला तीन घड्या घातल्या की साडेसात बाय दहा इंचाची 16 पानं होतात, म्हणजे एक फॉर्म. मजकुराची पानं 16 च्या, निदान 8 च्या पटीत बसली नाहीत तर काहीतरी गळालंय असं समजा. मात्र फोटोंची आर्ट पेपरची, म्हणजे लेप दिलेल्या गुळगुळीत कागदाची, पानं त्यात मोजू नका. ती वेगळी छापून मध्ये घातलेली असतात आणि त्यांना बहुतेकदा आकडेच नसतात. मध्यभागी घडीवर पिना मारलेल्या अंकात एक पान निघालं की त्याचं जोडीदार पानही सुटतं. जोडी ओळखायची तर दोन आकड्यांची बेरीज एकूण पानांपेक्षा एकनं जास्त येते. 64 पानी अंकात 5 ची जोडी 60 शी.

स्कॅनिंग पावसाळ्यात काढू नका. आपल्याकडच्या दमट हवेत आर्ट पेपरवरचा लेप ओलसर होतो आणि फोटोंची पानं एकमेकांना चिकटतात. ओढली की चेहरे निम्मे इकडे, निम्मे तिकडे. गंजलेल्या पिना आधी अलगद उघडून काढा, सेलोटेप अजिबात लावू नका, स्कॅन 300 डीपीआयला घ्या.

खरी गंमत म्हणजे जुन्या छापील अंकांपेक्षा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे, संगणकावर केलेले अंक जास्त छळतात. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेची समिती माजी विद्यार्थ्यांचा सहभागही तपासायची, त्यामुळं भेटीच्या तोंडावर वार्तापत्रं भराभर निघायची आणि नंतर फाइली कुणाच्या तरी सीडीवर पडून राहायच्या. मराठी पानं श्रीलिपीत, कन्नड पानं नुडीत किंवा बरहात; ही त्या काळची टायपिंगची सॉफ्टवेअरं, प्रत्येकाचे फाँट वेगळे. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. फाइल बिघडली म्हणून पुसून टाकू नका. आधी फाँटचं नेमकं नाव शोधा, कारण श्रीलिपीतही सगळ्या फाँटची जुळणी एकसारखी नाही. मग एकच पान युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांत, बदलून छापील प्रतीशी ताडून पाहा. चुका सापडतात त्या रफारात, ऱ्हस्व वेलांटीत आणि जोडाक्षरांत. आडनावं तिथंच बिघडतात, म्हणून यादीची पानं एकानं मोठ्यानं वाचावीत, दुसऱ्यानं छापील प्रतीवर बोट ठेवावं. कन्नड पानांना कन्नड वाचणाराच माणूस बसवा.