गाणं ऐकायचंय की खोकला?

नमस्कार श्रोतेहो. दिवाळीच्या खरेदीत यंदा घरी स्पीकरची जोडी आणायचा बेत असेल, तर आधी आमच्या नानांची गोष्ट ऐका. निम्मं उत्तर तिच्यातच आहे.

नाना सदाशिव पेठेतले. सवाई गंधर्वला दरवर्षी भारतीय बैठकीवर ठाण मांडणारे. निवृत्तीचे पैसे हातात आले तसे मला घेऊन तापकीर गल्लीत निघाले. खिशात पेन ड्राइव्ह, त्यात भीमसेनजींची एक जुनी मैफल. दुकानदाराने आधी त्याची डेमोची सीडी लावली. काच फुटते, डोक्यावरून हेलिकॉप्टर जातं. नाना म्हणाले, "आमच्या वाड्यावरून हेलिकॉप्टर जात नाही हो. हे लावा."

लावलं. काय स्पष्ट आवाज! तंबोऱ्याची एकेक तार सुटी, तबल्यावर घासलेलं बोट कळतंय, श्रोत्यांत कुणीतरी खोकलं तेसुद्धा. दुकानदार खूश. "काका, डिटेल बघा!" नाना म्हणाले, "बघितलं. मी खोकला ऐकायला नाही आलो, यमन ऐकायला आलोय. दुसरी जोडी लावा."

दुसरी दिसायला साधी. लाकडी खोकं, ट्वीटरचा, म्हणजे बारीक, उंच आवाज काढणाऱ्या छोट्या भागाचा, घुमट रेशमी कापडाचा. आवाज जरा मऊच. मला वाटलं, पहिलीच बरी होती. तेवढ्यात नानांकडे लक्ष गेलं. मघाशी ते स्पीकरकडे रोखून बघत होते. आता मान खाली, हात मांडीवर, टाळी-खाली चालू. समेवर त्यांची मान हलली, आणि काउंटरवर बिल फाडणाऱ्या पोराचीही! मग नाना म्हणाले, "आवाज कमी करा. अजून कमी." नातवंडं झोपल्यावर घरी लावतात तेवढा. तरी षड्ज भरलेलाच. "ही द्या," म्हणाले. पुढे वायर फुकट मिळवायला त्यांनी जी घासाघीस केली, तिला वेगळा कार्यक्रम लागेल.

त्यामागचं कारण थोडक्यात सांगतो. 2,000 ते 5,000 हर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे सेकंदाला इतकी कंपनं असलेल्या आवाजांना, आपला कान सर्वांत तिखट असतो. तो पट्टा जरा उचलला की दुकानात आवाज झगझगीत वाटतो, आणि घरी तासाभरात डोकं उठतं. निवांत ऐकायचं तर तो पट्टा सौम्य हवा, गळ्याचा आणि सारंगीचा मधला भाग भरीव हवा. हळू आवाजात कानाला खर्ज तसाही कमी ऐकू येतो. म्हणून पुन्हा सांगतो, हळू आवाजात ऐकून बघा. गाणं आपल्या ओळखीचंच न्या. आणि दोन्ही जोड्या सारख्याच आवाजात वाजवायला लावा, कारण जी मोठी वाजते ती उगीचच सरस वाटते. सकाळी बागेत खिशातला मोबाइल मोठ्याने वाजवत फिरणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. त्यांचा बंदोबस्त महापालिकेने करावा.

घरी आणल्यावर मात्र खोलीकडे बघा. नव्या फ्लॅटांत गुळगुळीत टाइल्स आणि उघड्या भिंती, तिथे चांगला स्पीकरही कर्कश होतो. सतरंजी अंथरा, जाड पडदे लावा. कोपऱ्यात खर्ज घुमतो, तेव्हा स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे घ्या. आणि हो, महागड्या वायरीच्या नादी लागू नका. साधी, जाड, तांब्याची पुरते. नमस्कार.